चूलबंद आवतण

नगरकडच्या उसाच्या पट्ट्यात, पाटाच्या कडेला, धोंडगव्हाण नावाचे लहानसे गाव आहे. नावातच गव्हाण! म्हणूनच की काय, नम्रदास महाराजांचा या गावावर फार जीव होता. "ज्याला जन्मल्या जन्मल्या गव्हाणीतच निजवलं, त्या प्रभूला तुमच्या गावाचा पत्ता वेगळा सांगायला नको," असे ते हसून म्हणत, आणि गावकऱ्यांची छाती लगेच दोन बोटे फुगे.

महाराज ख्रिस्ती कीर्तनकार होते. पांढरे धोतर, खांद्यावर घोंगडी, गळ्यात सुतळीला बांधलेला लाकडी क्रूस आणि हातात एकतारी, एवढाच त्यांचा संसार. दरवर्षी आगमनकाळ सुरू झाला, म्हणजे नाताळाआधीचे प्रभूची वाट पाहण्याचे ते आठवडे लागले, की महाराज धोंडगव्हाणात येत आणि चर्चच्या ओसरीवर मुक्काम ठोकत. त्या दिवसांत ते ढोलकी वाजवू देत नसत, झांजा तर नाहीच नाही. पोरे कुरकुरली की म्हणत, "अरे, वाट पाहणाऱ्यानं एवढा गोंगाट केला तर दारावरची थाप ऐकू यायची कशी?"

या गावाची एक गोड रीत होती. आगमनकाळाच्या शेवटच्या रविवारी वेदीपुढे रिकामी गव्हाण मांडत. मग एकेका घरची बाई उठून त्या गव्हाणीपुढे उभी राही आणि प्रभूला आपल्या घरचे आवतण देई. जेवायला बोलवावे तसे, तोंडाने, मोठ्याने.

आता आवतण सुरेख द्यावे तर राहेलबाईंनीच! राहेलबाई म्हणजे शाळेच्या शमुवेल मास्तरांची पत्नी. महिला मंडळाच्या अध्यक्ष. साऱ्या ख्रिस्ती आळीत शहाबादी फरशी त्यांच्याच घरात, आणि रॉकेलचा पितळी स्टोव्हही आधी त्यांच्याच घरात आला. त्या वर्षी त्या गव्हाणीपुढे उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हे स्वर्गीय पित्या, आमच्या अंतःकरणाच्या सुशोभित दालनी तुझ्या पुत्राचे मंगल पदार्पण होवो." आहाहा! मागे बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या.

त्यांच्यामागून उठल्या तबीताबाई.

तबीताबाई मास्तरांच्या थोरल्या भावाची विधवा, म्हणजे राहेलबाईंची थोरली जाऊ. आळीच्या टोकाला, पाटाकडच्या बाजूला त्यांची एक खोली होती. दिवसभर खुरपायला जायचे आणि संध्याकाळी भाकरीबरोबर हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे प्यायचे. चर्चमध्ये त्या नेहमी खांबाआड बसत. त्या दिवशी मात्र तरातरा पुढे आल्या, गव्हाणीच्या काठावर हात ठेवला आणि बोलल्या, "देवा बापा, मी तबीता. नाताळच्या आदल्या दिवशी तुमच्या समद्या घरादाराला माझ्याकडं चूलबंद आवतण हाय. कुनाला मागं ठिवू नका. मी बोलावनं धाडीन. इसरायची न्हाई."

चूलबंद आवतण! चर्चमध्ये हशा उसळला. कारण चूलबंद म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना जेवण. त्या घरच्या बाईने त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, पोतेरे घालून ती थंड ठेवायची आणि यजमानाकडून "चला, ताटं वाढलीत" असे बोलावणे येईपर्यंत वाट पाहायची. असे आवतण सोयऱ्याधायऱ्यांना देतात. देवाला कुणी देतं?

सगळ्यांत मोठ्याने हसल्या राहेलबाई. "अहो आक्का, म्हणजे आता स्वर्गातली चूल विझवायची म्हणता? आणि देवाचं घर म्हणजे केवढं! देवदूतांच्या पलटणीच्या पलटणी आहेत तिकडं. भाकरी थापता थापता हात गळून पडतील तुमचे!"

पुन्हा हशा. तबीताबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. पण महाराजांची एकतारी थांबली. महाराज हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

"विझवलीच की, बाई," महाराज म्हणाले. "स्वर्गातली चूल त्यानं विझवलीच. नाहीतर गव्हाणीत कशाला येऊन निजला असता? स्वतःचं भरलं घर सोडून, भुकेला होऊन आपल्या दारात आला तो! आपण म्हणतो, आम्ही देवाची वाट पाहतो. अहो, वाट तर तो पाहतोय. आवतणं सगळे देतात त्याला, वर्षानुवर्षं. बोलावणं कुणाचं जात नाही. आणि तो बापडा पोतेरं घातलेल्या चुलीपुढं बसून राहतो."

राहेलबाई एकदम खिडकीबाहेर पाहू लागल्या. महाराजांना काय माहीत, आपला शब्द कुठे जाऊन लागला!

कारण चूलबंद हा शब्द त्या दोघी जावांचा होता. थोरले दीर होते तोवर दर नाताळाला धाकट्या घराकडून थोरल्या घराला चूलबंद आवतण जाई. दीर वारले त्या वर्षीही राहेलबाईंनी ते दिले. "आक्का, एकट्या कुठं बसता? आमच्याकडंच या. चूल पेटवू नका हं!" आणि नेमके त्याच दिवशी मिशनमधले मोठे पाहुणे अचानक आले. काय ती धांदल! रस्सा वाढला, भात वाढला, पाहुण्यांनी बोटे चाटली, राहेलबाईंचे कौतुक झाले, फोटोसुद्धा निघाला. दिवेलागणीला रिकामी पातेली घासताना त्यांच्या हातातली राख तशीच राहिली. आक्का! आक्कांना बोलावणे धाडायचे राहिले. आक्का सकाळपासून थंड चुलीपुढे बसल्या असतील.

त्या वेळी जरी धावत गेल्या असत्या ना! पण पातेल्यात खरवडसुद्धा उरली नव्हती. आता कुठल्या तोंडाने बोलवू, असे म्हणत राहेलबाईंनी पातेले पालथे घातले. दुसऱ्या दिवशी आक्का आडावर भेटल्या. "नाताळ चांगला झाला न्हवं गं?" एवढेच त्यांनी विचारले आणि घागर उचलली.

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. भांडण झाले असते, रडणे झाले असते, मिटले असते. पण आक्का बोलल्या नाहीत, आणि राहेलबाईंनाही बोलवेना. आक्कांचा चेहरा दिसला की पालथे घातलेले पातेले आठवे. म्हणून त्यांनी आक्कांकडे पाहणेच सोडले. आवतण बंद झाले. पुढे पुढे आक्कांच्या फाटक्या लुगड्याची, गावंढळ बोलण्याची थट्टा करणे सोपे वाटू लागले. लाज फार दिवस झाकून ठेवली की तिला असे मोड येतात.

नाताळच्या आदल्या दिवशी राहेलबाईंच्या घरी करंज्यांचा घाणा चालला होता. स्टोव्ह फर्रफर्र करत होता, फरशी धुऊन लख्ख झाली होती, दारावर कागदी तारा डुलत होता. एवढ्यात दारात कुणीतरी येऊन उभे राहिले.

"बाई, हायसा का घरात?"

राहेलबाईंनी झारा हातात धरूनच वळून पाहिले आणि त्यांची नजर आधी खाली गेली. उंबऱ्याबाहेरच्या धुतलेल्या फरशीवर दोन अनवाणी पाय होते, पाटाच्या काळ्या चिखलात घोट्यापर्यंत माखलेले. त्या पायांवरून नजर त्यांनी चेहऱ्यापर्यंत उचललीच नाही. छातीशी काहीतरी गुंडाळलेले दिसले, ते किंचित रडले, म्हणून बाळ असावे. मागे कुणी पुरुष बैलाची वेसण धरून उभा होता.

"गाडी रुतली पाटाच्या कडंला. उसाच्या तोडीवर निघालो व्हतो. चूल मांडाया जागा न्हाई. मी बाळंतीन हाय, बाई. ऊन ऊन कायतरी मिळंल का?"

"अगं, थांब तिथंच! आत्ता धुतली आहे फरशी. उद्या ये. उद्या सण आहे, चर्चपाशी सगळ्यांना वाटणार आहोत."

"उद्याचं उद्या, बाई. भूक आज लागलीया."

राहेलबाईंच्या कढईतली करंजी करपू लागली होती. त्या चिडून म्हणाल्या, "मग आळीच्या टोकाला जा! तिथं आज देवाच्या घरादाराला चूलबंद आवतण आहे म्हणे!"

"तिथंच निघाले व्हते," ती बाई सावकाश म्हणाली. "म्हटलं, तुमचं घर आधी लागतंय."

आणि ती गेली. राहेलबाईंनी बादली उचलली आणि पावलांचे ठसे घसाघसा धुऊन काढले.

बादली ठेवतात न ठेवतात तोच स्टोव्ह फुस्स करून विझला!

त्यांनी पिन मारली. रॉकेल पाहिले, टाकी भरलेली. पंप मारला, काडी लावली, काडी विझली. दुसरी, तिसरी, सगळी पेटी रिकामी झाली. मग परसातली मातीची चूल पेटवायला घेतली. कोरडी ठणठणीत बाभळीची लाकडे, पण धुराची रेघसुद्धा निघेना. कढईत तेल निवत चालले आणि अर्ध्या कच्च्या करंज्या त्यात डोळे मिटून पडून राहिल्या.

राहेलबाई अंगणात आल्या तर काय! साऱ्या आळीत बायका दारांत उभ्या. "तुमचीपण विझली?" "अगं, माझा भात अर्धवट शिजलाय!" कुणाच्याच कौलातून धूर नव्हता. फक्त आळीच्या टोकाला, पाटाकडच्या त्या एका खोलीवर, धुराची सरळ रेघ आभाळात चढत होती.

"मी विस्तव घेऊन येतो," शमुवेल मास्तर म्हणाले आणि खापर घेऊन निघाले. परतले ते रसरसलेले निखारे घेऊन. पण आपल्या उंबऱ्यात पाय टाकताच निखारे काळेठिक्कर पडले! मास्तर पुन्हा गेले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी खापर खाली ठेवले आणि अंगातला कोट काढून खुंटीला लावला.

"राहेल, वहिनींच्या घरचा विस्तव कुणाचाच उंबरा ओलांडत नाही. बायका आपापली परातीतली कणीक, डाळ, मटणाची पातेली घेऊन तिकडंच चालल्यात. अगं, वहिनींचं माडग्याचं गाडगं एवढंसं, पण कितीदा ओतलं तरी भरलेलंच! महाराज स्वतः वाढताहेत. चल, आपणही जाऊ."

"बोलावल्याशिवाय?"

"मी दारात दिसताच वहिनींनी पाट मांडला."

"तुमच्यासाठी मांडला असेल. तुमच्या वहिनी आहेत त्या. मला कुणी बोलावलेलं नाही."

मास्तर एकटेच गेले.

राहेलबाई थंड चुलीपुढे बसल्या. सकाळपासून तळण्याच्या नादात त्यांनी चहाशिवाय काही घेतले नव्हते. आता सपाटून भूक लागली. आळीच्या टोकाकडून भाकरीचा खरपूस वास आला. हसणे ऐकू आले, पोरांची पंगत उठल्याचा कालवा ऐकू आला. अंगणात पाऊल वाजले की त्या उठून दारात जात. शेजारची शेळी असे. पुन्हा पाऊल वाजे. वाऱ्याने पाचोळा सरकलेला असे. एकदा त्यांनी केससुद्धा नीट केले, बोलावणे आलेच तर तयार असावे म्हणून. मग उगीचच घोटभर पाणी प्यायल्या. मग वाटले, विसरले असतील. पंगतीच्या गडबडीत विसरतं माणूस.

आणि इथे राहेलबाईंना ते वर्ष आठवले. आक्कांनीही असेच केस सारखे केले असतील. अशाच घोटभर पाणी प्यायल्या असतील. त्यांनाही वाटले असेल, पाहुण्यांच्या गडबडीत विसरली असेल धाकटी. आणि उन्हे उतरत गेली असतील, अशीच, भिंतीवरून. एका हाकेचे अंतर होते! कितीतरी नाताळ गेले, आणि ती हाक आपल्याला मारता आली नाही. राहेलबाई गुडघ्यांत डोके घालून ओक्साबोक्शी रडल्या.

"राहेल!"

दारात तबीताबाई उभ्या होत्या. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम. "अगं, अशी अंधारत्या घरात काय बसलीस? चल, ताट वाढलंय. तुज्यासाठी ठिवलीया पापुद्रा आलेली भाकर, तुला आवडती तशी."

"आक्का..." राहेलबाईंनी पदराने डोळे पुसले. "आक्का, त्या वर्षी मी तुम्हाला..."

"ठावं हाय मला."

"तुम्ही उपाशी होता."

"व्हते की."

"राग नाही आला?"

"आला व्हता. लई आला! भुकेला रागच येतू." तबीताबाई त्यांच्याजवळ खाली बसल्या. "पन दिवस कलला तशी मला वाटाया लागलं, माजी ही एका दिवसाची गोष्ट. देवाला तर समदी बोलावत्यात आन समदी इसरत्यात. त्याचा जीव आपल्यात गुतलाय, त्यो दुसरीकडं जायाचाबी न्हाई. कसं व्हत असंल गं त्याला? मग माझा राग कुठं गेला कुनास ठाऊक. त्याच्यासाठीच रडाया आलं. तवाच म्हटलं, एकदा तरी त्याला चूलबंद सांगायचं, आन इसरायचं न्हाई."

राहेलबाईंनी त्यांचे पीठभरले हात धरले आणि त्यात तोंड लपवले. त्या हातांना भाकरीचा वास येत होता.

दोघी जावा टोकाच्या खोलीपाशी आल्या तेव्हा शेवटची पंगत उठत होती. महाराज कमरेला घोंगडी गुंडाळून भांडी विसळत होते. राहेलबाईंनी इकडेतिकडे पाहिले. "महाराज, ती बाळंतीण कुठं आहे?"

"जेवली आणि गेली," महाराज म्हणाले. "तबीताबाईंनी दारात येऊन 'देवा, चला, ताटं वाढलीत' अशी हाक मारली, आणि तीच समोर आली. पहिलं ताट तिचंच होतं. तिनं माडग्याचा घोट घेतला, आणि तेव्हापासून हे गाडगं रितं होईना."

"मी बघून आलो पाटापर्यंत," मास्तर म्हणाले. "गाडी नाही, चाकोरी नाही. तोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांवर विचारलं, तर अशी कुणी बाई त्यांच्यात नाहीच म्हणाले."

बायका एकदम बोलू लागल्या. काय तिचा चेहरा होता! दमलेला, पण कसा, दिवा लावल्यासारखा! आणि बाळाने डोळे उघडले तेव्हा तर... "राहेलबाई, तुमच्या दारात आधी आली होती ना ती? तुम्ही तर अगदी जवळून पाहिलं असेल!"

राहेलबाईंनी आठवून आठवून पाहिले. चेहरा आठवेना. पाहिलाच नव्हता तर आठवणार कुठून?

"मी फक्त पाय पाहिले," त्या म्हणाल्या. "आणि त्यांचे ठसे धुऊन टाकले."

महाराजांनी हातातले पातेले खाली ठेवले आणि चुलीकडे बोट केले. त्या सारवलेल्या ओलसर जमिनीवर, चुलीच्या तोंडाशी, एवढ्या साऱ्या पंगती उठूनही दोन पावलांचे ठसे स्पष्ट उमटलेले होते. काळ्या चिखलाचे. बोटेसुद्धा मोजून घ्यावीत असे!

राहेलबाई पुढे झाल्या. आधी त्या थोरल्या जावेच्या पायांवर वाकल्या. मग महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी, साऱ्या आळीसमोर, त्या चिखलाच्या ठशांवर कपाळ टेकले. बराच वेळ त्या तशाच राहिल्या. महाराजांनी त्यांना उठवले, तेव्हा कपाळाला चिखल लागला होता. तो पुसायला त्यांनी पदर उचलला, आणि तसाच खाली सोडला.

"उठा बाई," महाराज हळूच म्हणाले. "तो पुन्हा येईल. पण आज ताट निवतंय, आणि तुमच्या आक्का तुमच्यासाठी थांबल्यात. त्या अजून जेवलेल्या नाहीत."

दोघी जावा एका ताटात जेवल्या. तेव्हा कुठे आळीतल्या चुली एकेक करून आपोआप पेटल्या, आणि मग महाराजांनी पोरांना म्हटले, "आणा रे ती ढोलकी!"

पुढे दरवर्षी आगमनकाळाच्या शेवटच्या रविवारी राहेलबाई गव्हाणीपुढे उभ्या राहत, पण सुशोभित दालनाचे शब्द पुन्हा कधी त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. "ये, मी दारातच आहे," एवढेच त्या म्हणत. आणि नाताळच्या आदल्या दिवशी, सारे घर झाडूनपुसून झाले तरी, उंबऱ्याबाहेरची ती फरशी त्या धूत नसत. दिवसभर डोळे लावून बसत. पुष्कळ दमलेभागले आले, सगळ्यांना त्यांनी ऊन ऊन वाढले, प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिले. पण ती पावले त्यांच्या दारी पुन्हा उमटली नाहीत. दिवेलागणीला राहेलबाई त्या कोऱ्या फरशीवरच वाकून नमस्कार करत आणि मग आत येत.

तेव्हा बंधुभगिनींनो, ज्याने ज्याने प्रभूला आवतण दिले आहे, त्याने आज उठावे आणि बोलावणे धाडावे. आपल्याला जीव लावून तो बसला आहे, आणि त्याच्या घरी चूल पेटलेली नाही.